दीड इंच

लग्न होऊन या घरात आल्यापासून चौतीस वर्षांत अन्नपूर्णा बिसेन दिवसाउजेडी हात रिकामे ठेवून कधी बसली नव्हती. बसली तरी पुढ्यात काहीतरी असायचंच. निवडायचे तांदूळ, सोलायचा लसूण, शिवायचं उसवलेलं पोतं. आणि आता ती तिरोड्याच्या बाहेर रस्त्याकडेच्या एका टिनाच्या शेडमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीवर, सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत नुसती बसून होती. तिला तिथून उठवायची कोणाची टाप नव्हती, कारण ते बसणं सरकारी होतं.

तिच्या मांडीवर जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेल्या बंदुकीच्या दोन जोडनळ्या होत्या. समोरच्या बाकावर त्याच बंदुकीचा लाकडी दस्ता आडवा ठेवलेला होता आणि संघदीप मेश्राम त्यावर पॉलिश पेपर घासत होता. संघदीप तसा सोफे, दिवाण आणि देव्हारे चमकवणारा कारागीर. बंदुकीला त्याने जन्मात हात लावला नव्हता. पण ठाण्यातल्या बाबूने अन्नपूर्णेला बजावून सांगितलं होतं, "लाकडाचं काम कोनाकडूनही करा बाई, पन हत्यार नजरेआड होऊ द्याचं नाई. परवाना तुमच्या नावाचा हाये." म्हणून तिचा मुलगा प्रफुल वीज केंद्रावर ड्यूटीला जाताना तिला मोटारसायकलवरून इथे सोडायचा आणि परतताना न्यायचा. मागच्या सीटवर कडेला बसलेली आई, तिच्या छातीशी लुगड्यातली लांबलचक वळकटी. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं, कोणाच्या तरी लग्नाचा आहेर चालला आहे.

बंदूक तिच्या नवऱ्याची, यादोरावांची. रानडुकरांपासून धानाची राखण करायला म्हणून मिळालेला परवाना. यादोराव गेले, शेताचा सातबारा अन्नपूर्णेच्या नावावर झाला आणि त्यापाठोपाठ परवानाही. घरात सगळ्यांना वाटलं, नाव कागदावर राहील, बंदूक धाकटा दीर भैयालाल चालवेल. पण कागदावर ज्याचं नाव त्यानेच चालवायची, दुसऱ्याने चालवली तर गुन्हा, असं कळलं तेव्हा भैयालालचं तोंड एवढंसं झालं. आणि अन्नपूर्णेचंही.

मागच्या वर्षी तिने ती एकदाच उडवली होती. धानाच्या दाण्यात दूध भरलं होतं, डुकरांनी दोन बांध्या, म्हणजे धानाची दोन खाचरं, लोळवून टाकली होती. सगळे म्हणाले, वहिनी, हवेत एक बार काढा. तिने काढला. बार कुठे गेला ते देवाला ठाऊक, पण अन्नपूर्णा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, मागच्या मागे चिखलात गेली. खांदा बारा दिवस निळा होता. डुकरं जराशी मान वर करून बघत राहिली, आणि गावातली माणसं महिनाभर हसली. यंदाही धान दुधात आलं होतं. डुकरं आली होती. या वर्षीही आपण पडलो, तर ही बंदूक पुन्हा कधी आपल्या हाताला येणार नाही हे तिला समजत होतं. कागद कागदाच्या जागी राहील, आणि बंदूक खोलीतल्या खुंटीवर भैयालालच्या भावाची वस्तू म्हणून टांगून राहील.

म्हणून तिने उन्हाळ्यातच बंदूक नागपूरच्या परवानाधारक कारागिराकडे नेली होती. त्याने नळ्यांचा गंज काढला, त्यांना काळा सिरॅमिकचा लेप देऊन भट्टीत भाजलं. हल्लीच्या कढयांना असतो तसा, हाताला गुळगुळीत, पाण्याला न भिणारा. दस्त्याकडे बघून मात्र तो म्हणाला होता, "हे लाकूड फेकून द्या. प्लास्टिकचा बसवतो." अन्नपूर्णा म्हणाली, "फेकाचं काय? चिरलं हाये, मेलं नाई."

"काकू," संघदीप पहिल्या दिवशी म्हणाला, "हे लाकूड अक्रोडाचं हाये. वरचं पॉलिश लाखेचं. माझी माय गोंदियाले लाखेच्या कारखान्यात होती, मी वासावरून सांगतो. हे सारं खरडून काढू, चिरीत एपॉक्सी भरू, वरून पीयू पॉलिशचे पाच कोट. मंग पावसात ठेवा का उन्हात ठेवा."

"किती दिवस?"

"चार."

चार दिवस. अन्नपूर्णेला ते खूप वाटले होते.

पहिल्या दिवशी तिने शेडमधला झाडू उचलून भुसा काढायला घेतला, तर संघदीप ओरडला. धूळ उडाली की कोट खराब होतो. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून मेथीची जुडी काढली. "काकू, तेलाचा, पान्याचा हात नाही पाहिजे इथं. बसा नं निवांत." तेव्हा मग ती बसली. प्रथम पाठ ताठ ठेवून, कोणी बघेल म्हणून. मग हळूहळू खुर्चीला टेकून. शेडच्या उघड्या बाजूने धानाच्या बांध्या दिसत होत्या आणि त्यांच्या पलीकडे, दूर, वीज केंद्राच्या उंच चिमण्या. त्यांतून निघणारा पांढरा धूर इतक्या सावकाश ढगात मिसळायचा, की ढग कुठे सुरू झाला ते शोधता शोधता दुपार व्हायची. थिनरचा गोडसर वास डोक्यात चढायचा. पेपर लाकडावरून खर्र, खर्र, खर्र फिरत राहायचा, आणि अन्नपूर्णा डोळे उघडे ठेवूनच कुठल्या कुठे जाऊन यायची. लहानपणी माहेरच्या तलावात पाण्याखाली डोळे उघडून ती वर बघायची, तसं सगळं हलतं, हिरवं दिसायचं. घरी सून रुची एकटी स्वयंपाक, गाय आणि दोन लेकरं सांभाळत असेल, हे आठवून पहिले दोन दिवस तिला पाप केल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी आठवलंच नाही.

तिसऱ्याच दिवशी घोळ झाला. संघदीपने सीलरचा, पॉलिशखालच्या अस्तराचा, पहिला हात मारला आणि तो लाकडावर धरेना. पत्र्यावर पडलेल्या पाण्यासारखा तो जागोजाग फाटून बाजूला सरकत होता आणि मधे बारीक बारीक गोल डोळे पडत होते.

"याच्या मायला," संघदीप पुटपुटला, मग जीभ चावली. "काकू, या बंदुकीले तेल पाजत होते का?"

अन्नपूर्णा क्षणभर गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं. दर दसऱ्याला शस्त्रपूजा. घरातले विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ आणि ही बंदूक. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल तिला वरून खालपर्यंत चोळायचं, मग हळद, कुंकू, मग पुन्हा तेल. यादोराव स्वतः चोळायचे, दोन्ही तळहातांनी, घोड्याला खरारा करावा तसं. पस्तीस-चाळीस दसरे.

"मंग बराबर," संघदीप हसला. "पोट भरून बसली हाये ही. आता हिले आपलं पीयू गोड लागनार नाई."

चार दिवसांचे नऊ झाले ते असे. संघदीपने खडूची पूड थिनरमध्ये कालवून दस्त्यावर जाड थापली, उन्हात ठेवली. संध्याकाळी ती पांढरी पूड पिवळी, तपकिरी होऊन सुटून आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. अन्नपूर्णा बघत होती. नवरीला हळद लावून बसवतात तसा तो दस्ता उन्हात बसला होता, आणि प्रत्येक खेपेला थोडं तेल, थोडं कुंकू बाहेर टाकत होता. एकदा पूड गुलाबी झाली. ती बोटाने उचलून तिने हुंगली. मोहाचा जुना, खवट वास. पाचव्या खेपेला पूड पांढरीच राहिली, आणि लाकूड पहिल्यांदा उघडं दिसलं. वाऱ्याने लवलेल्या धानासारख्या त्याच्या रेषा, एकामागून एक, एका बाजूला झुकलेल्या. इतकी वर्षं हे कोणी पाहिलंच नव्हतं.

"उचलून पाहा," संघदीप म्हणाला. "तुमचीच हाये."

नळ्या बसवून तिने बंदूक खांद्याला लावली. डावा हात ताणून पुढे गेला, मान लांब झाली, पाठ आपोआप मागे वाकली. संघदीप कमरेवर हात ठेवून बघत होता. त्याने पुष्कळ सोफ्यांवर पुष्कळ माणसं बसवून पाहिली होती. कोणाचे पाय जमिनीला टेकत नाहीत हे त्याला लगेच कळायचं.

"काकू, तुमी पडल्या कायले ते मले समजलं. हे तुमच्या मापाचं नाई. काका किती उंच होते?"

"दारातून वाकून यायचे."

"हं. दस्ता मागून दीड इंच कापा लागते. बस. मंग पाठ सरळ राहीन, धक्का खांद्यात बसंन. वर रबराची गादी लावून देतो."

त्याने कोपराच्या आतल्या बाजूपासून बोटापर्यंत टेपने तिचं माप घेतलं आणि पेन्सिलीने लाकडावर रेघ ओढली. अन्नपूर्णा त्या रेघेकडे बघत राहिली. ब्लाउज सोडला, तर तिच्या मापाने कोणी काही बनवल्याचं तिला आठवेना.

घरी गेल्यावर तिने ते हसत हसत रुचीला सांगितलं. रुचीने सहज चुलतसासूला, भैयालालच्या बायकोला, सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भैयालाल मोटारसायकल शेडसमोर लावून आत आला. चेहरा असा, जणू कोणाचं तरी प्रेत घरात आहे.

"वहिनी, मी ऐकलं ते खरं हाये का?"

"बसा न भाऊजी."

"बसाले नाई आलो. रंग लावा, चकचकीत करा, मी काही म्हनत नाई. पन आरी लावली, त ती खंडित झाली. खंडित वस्तू आपल्या पूजेत बसत नाई, तुमाले ठाऊक हाये. दादानं चाळीस वर्सं तिले पूजली."

"मी पडली होती भाऊजी. तुमी हसले होते."

"अवो, त्यात काय? बायामानसाचं कामच नाई ते. खुंटीवर राहू द्या, दसऱ्याले पूजा करू, झालं." मग तो संघदीपकडे वळला. "अन् तू रे! सोफे कापतं तशी बंदूक कापतं का?"

"मी कोनाचंच काही सांगितल्याबिगर कापत नाई, भाऊ," संघदीप म्हणाला, आणि पुन्हा पेपर घासू लागला. पेपर आता अगदी बारीक नंबरचा होता. आवाज कुजबुजीसारखा येत होता.

भैयालाल गेला. जाताना दारात म्हणाला, "परवा दसरा हाये, ध्यानात ठेवजा."

अन्नपूर्णा बसून राहिली. चिमण्यांचा धूर तसाच सावकाश चढत होता. तिला त्या धुरात आपलं घर दिसायला लागलं, एकेक खोली, एकेक वस्तू. यादोराव वाईट माणूस नव्हते. हात उचलला नाही, दारू घेतली नाही, जेवताना ताटाला नावं ठेवली नाहीत. एवढंच, की घर त्यांनी बांधलं आणि त्यातलं सगळं त्यांच्या मापाचं होतं. स्वयंपाकघरातली फळी इतकी वर, की चौतीस वर्षं ती पाटावर चढून डबे काढत आली. अंगणातली कपड्यांची तार वर. खोलीची कडी वर. सायकल घरात होती, पण तिचे पाय पोचायचे नाहीत म्हणून ती शिकली नाही. यादोरावांच्या हे कधी लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्याही आलं नाही. तिला वाटायचं, आपणच ठेंगण्या.

"संघदीप, तुमच्यात असती ही बंदूक, त तू काय केलं असतं?"

"आमच्यात शस्त्रपूजा नाई काकू. दसऱ्याले मी नागपूरले दीक्षाभूमीवर राहतो. उद्या रात्रीच गाडी हाये. मले कायले इचारता?" मग जरा थांबून म्हणाला, "पन एक सांगतो. दस्ता दर साली ताटात उभा करत होते न तुमी? तेल सारं खाली उतरलं हाये. ते मागचं टोक नरम झालं हाये. अंगठ्यानं दाबून पाहा. म्हनजे तसंही कापाच लागन. घरी सांगजा, लाकूड सडलं होतं. कोनी काही बोलनार नाई."

तिने अंगठ्याने दाबलं. खरंच, टोकाला लाकूड किंचित आत जात होतं. पण बोटभरच. एपॉक्सी भरून ते कडक झालं असतं, हे तिने या सात दिवसांत बघून बघून शिकून घेतलं होतं. संघदीपलाही ते ठाऊक होतं. तो तिच्याकडे न बघता आरीचं ब्लेड आवळत होता.

"काप," ती म्हणाली.

त्याने आरी लावली. फार वेळ लागला नाही. तो तुकडा बाकावरून घरंगळून भुशात पडला, आणि शेडमध्ये क्षणभर मोहाचा वास दरवळून गेला.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कोट चढले. हार्डनर मिसळलेलं पीयू स्प्रेच्या नळीतून धुक्यासारखं बाहेर यायचं आणि लाकडावर बसायचं. पहिला कोट लाकडाने पिऊन टाकला. दुसऱ्याने रंग जागा झाला, दाट मधासारखा. पाचव्या कोटानंतर दस्ता दोरीला उलटा टांगला होता आणि अन्नपूर्णा समोर बसली होती. त्या ओल्या चकाकीत सगळं होतं. हिरव्या बांध्या, टिनाची कड, आकाश, आणि एक लहानसा, गोल, न ओळखू येणारा चेहरा. दस्ता हळू फिरायचा, तसं शेत फिरायचं, चेहरा फिरायचा. वाळायला तीन तास. ते तीन तास कुठे गेले ते तिला सांगता आलं नसतं. मधेच डोळा लागला असेल. तिला दिसलं, की ती धुऱ्यावर उभी आहे आणि धान तिच्या कमरेइतकं आहे, कोणाच्याच गुडघ्याइतकं नाही, नेमकं तिच्या कमरेइतकं.

"काकू, झालं," संघदीपने हाक मारली. "पाचही कोट झाले."

"अजून एक दे न."

"सहाव्याची गरज नाई."

"माहीत हाये मले," ती म्हणाली. "तरी दे."

संघदीपने तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि डबा उघडला.

दसऱ्याच्या सकाळी घराच्या अंगणात पाट मांडला. विळे, कुऱ्हाडी, फाळ, प्रफुलचा पान्यांचा संच, सगळं ओळीने. भैयालालच्या हातात तेलाची वाटी. अन्नपूर्णेने बंदूक आणून पुढे ठेवली, तेव्हा पोरांच्या तोंडून "अरे वा!" निघून गेलं. काळ्या नळ्या, मधाचा रंग, टोकाला काळी रबराची गादी. भैयालालही क्षणभर बघत राहिला. मग त्याने वीत लावून मागचा भाग मापला. त्याचा चेहरा बदलला.

"कापली."

रुची पटकन म्हणाली, "काका, ते लाकूड सडलं होतं म्हने. हो न आई? तो पॉलिशवाला सांगत होता."

सगळे अन्नपूर्णेकडे बघायला लागले. नुसतं "हो" म्हणायचं होतं. भैयालालनेही वाटी जराशी पुढे केली होती. त्यालाही ते हवं होतं, हे तिला दिसलं. सडलेलं कापलं तर खंडित कसं, असं म्हणून त्याने लगेच तेलात बोटं बुडवली असती. पूजा झाली असती. आणि बंदूक पुन्हा यादोरावांची झाली असती, थोडी आखूड, एवढंच.

"सडलं नव्हतं," अन्नपूर्णा म्हणाली. "मले लांब होत होती. म्हनून कापली."

कोंबडी पाटाजवळ आली, तिला कोणी हुसकलं नाही.

"मंग नाई बसत पूजेत," भैयालाल शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट थोडी लाज होती.

"नका बसवू," ती म्हणाली. तिने बंदूक उचलली, पदराने पुसली आणि आत नेऊन ठेवली. खुंटीवर नाही, खाली कोनाड्यात, जिथे तिचा हात पोचत होता. मग बाहेर येऊन ती विळ्यांच्या पूजेला बसली, सगळ्यांसोबत, आणि तिनेच आरती म्हणायला सुरुवात केली.

चार दिवसांनी, पहाटेच्या उजेडात, डुकरं आली. धुकं बांध्यांवर इतकं खाली होतं, की धानाच्या लोंब्या त्यातून टोकं काढून तरंगत होत्या. अन्नपूर्णा मचाणावरून उतरून धुऱ्यावर उभी राहिली. पाय रोवले. बंदूक खांद्याला लावली तेव्हा काही ताणावं लागलं नाही, मान लांब करावी लागली नाही. गाल जिथे टेकायचा तिथे टेकला. तिला एकदम खूप शांत वाटलं, झोप लागताना वाटतं तसं. तिने नळी धुक्याच्या वर, आभाळाकडे धरली आणि चाप ओढला.

आवाज लांबवर गेला, परत आला. धक्का खांद्यात शिरला आणि पायांतून जमिनीत उतरला. धान सळसळलं, काळ्या पाठी एका रांगेत जंगलाकडे पळत गेल्या. सगळ्या बांध्यांतून बगळे उठले आणि धुक्यात विरून गेले. अन्नपूर्णा जिथे उभी होती तिथेच उभी होती.

पलीकडच्या धुऱ्यावर कोणीतरी खाकरलं. भैयालाल होता, खांद्यावर घोंगडी, हातात टिनाचा वाजवायचा डबा. तो किती वेळ तिथे होता कोण जाणे. तो थोडा पुढे आला, थांबला, डबा या हातातून त्या हातात घेतला.

"वहिनी," तो म्हणाला, "माझ्याकडच्या तीन बांध्या लोळवल्या त्याईनं. उद्या आमच्याकडं येता का?"

"शेत तुमचं, परवाना माझा. आधी ठाण्यात इचारून घ्या, चालते का," अन्नपूर्णा म्हणाली. "चालत असंन, त येईन. पन चहा धुऱ्यावर आनून द्या लागन."

"आनीन," भैयालाल म्हणाला.

तिने नळ्या बिजागरीत खाली वाकवून रिकामं काडतूस काढलं. ते अजून गरम होतं. धुकं हळूहळू वर चढत होतं, आणि तिला घरी जायची काही घाई नव्हती.